भिंतीपलीकडचा वास

दि. ८ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

आज सकाळी उठलो. दूध तापवलं, उतू गेलं, पुसलं. भिंतीला फेरी मारून आलो आणि फाटकावर हिरवी पाटी लावली. दुपारी कालचंच जेवलो. संध्याकाळी कुंडीला पाणी घातलं. तू विचारलं होतंस की मी दिवसभर करतो काय, म्हणून लिहिलं.

पाटीचं तुला कळणार नाही, ते सांगतो. आमच्या दारासमोर गल्ली आणि गल्लीपलीकडे गॅसघराची भिंत, हे तू पाहिलेलं आहेस. तिथं कोळसा भाजून गॅस काढायचे आणि मी वजनकाट्यावर कारकून होतो. कारखाना कधीचाच बंद पडला, पण डांबर जमिनीत मुरलेलं राहिलं. वास जाईना, म्हणून तुझ्या ताईनं पुढच्या खोलीची खिडकी कायमची लावून घेतली आणि वरून रंग मारून टाकला. आता ती सगळी जागा साफ करून तिथं सार्वजनिक बाग करताहेत. एक मोठा पांढरा तंबू उभारलाय. आतली माती खणून काढतात, फिरत्या पिंपात घालून भाजतात, डांबर जळून गेलं की परत जागच्या जागी टाकतात. मी माती भाजताना प्रथमच पाहिली.

खणताना वास सुटतो. तो मोजायला यंत्रं आहेत, पण यंत्रांच्या जोडीला वस्तीतली तीन नाकं हवीत असा नियम आहे. नाकंच म्हणतात त्यांना, हे मी ठरवलेलं नाही. पहिलं नाक बेकरीवाले, दुसरं शाळेतल्या पीटीच्या बाई आणि तिसरं तुझी ताई. प्रत्येकानं आपापल्या वेळी एकट्यानं भिंतीभोवती फिरायचं, एकमेकांना काही विचारायचं नाही आणि फाटकावर आपल्या खुंटीला पाटी अडकवायची. वास नसला तर हिरवी, थोडा असला तर पिवळी, फार असला तर तांबडी. तांबडी लागली की काम बंद.

तुझी ताई नाकांच्या परीक्षेत पहिली आली होती. पण काम सुरू व्हायच्या आतच ती गेली. गेल्या महिन्यात त्या मातीच्या इंजिनीअर मॅडम दारात आल्या, त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी सांगितलं. त्या दारातच उभ्या राहिल्या. मग कुणीतरी काहीतरी बोलायला हवं, म्हणून मी म्हणालो की तिच्या जागी मी येईन. माझं नाक मेलेलं आहे हे सांगायचं राहून गेलं.

तुला ठाऊकच आहे, काट्यावर लागलो आणि थोड्याच दिवसांत माझा वास गेला तो गेलाच. दूध नासलं, शेगडी उघडी राहिली, सगळं तीच सांगायची. घरात नाक एकच होतं.

परीक्षा मलाही द्यावी लागली. तीन बाटल्या होत्या, दोन पाण्याच्या आणि एक वासाची. मी बाटल्या हुंगल्या आणि मॅडमच्या नाकपुड्यांकडे पाहत राहिलो. तिसऱ्या बाटलीला त्या जराशा आक्रसल्या. मी तिसरी म्हणालो. पास झालो.

हे सांगून मोकळा का होत नाही, असं तू विचारशील. कुंडीसाठी. बाग उघडेल त्या दिवशी प्रत्येक नाकानं आपल्या पसंतीचं एक झाड लावायचं असं ठरलंय. तुझ्या ताईनं त्यासाठी जाईची एक फांदी कुंडीत रुजवली होती. जागाही निवडून ठेवली होती, पश्चिमेच्या भिंतीशी, बरोबर आपल्या दारासमोर. म्हणायची, ज्या जागेनं आम्हाला जन्मभर नाक दाबायला लावलं तिथं मला नाक वर करून हुंगायचंय. फांदीला आता नवी पानं आली आहेत. ती तिथं लागेपर्यंत खुंटी सोडायची नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

लोभ असू दे. कमी पडल्यास कळव.

तुझा,
भावोजी


दि. १५ फेब्रुवारी

ती. भावोजींच्या सेवेसी,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र हातात धरून मी इतकी हसले की आमचे हे आतून पाण्याचा पेला घेऊन धावत आले. त्यांना वाटलं मला ठसका लागला. मग त्यांना वाचून दाखवलं, तर पाणी तेच प्याले आणि त्यांनाच ठसका लागला.

भावोजी, अहो जन्मभर नाकासमोर चाललेला माणूस तुम्ही, आणि उतारवयात नाकाचीच नोकरी धरलीत? पोहता न येणाऱ्याला तलावावर जीवरक्षक नेमावं तसं झालं हे. तुमच्या लग्नात मी तुमच्या खिशात चार दिवसांचा मोजा ठेवला होता, आठवतं? ताईच्या अंगाचा तिळपापड झाला आणि तुम्ही शांतपणे त्या मोज्याला घाम पुसत होतात. तो माणूस आता अख्ख्या गावाचा वास घेणार!

ताई पहिली आली यात नवल नाही. आमच्या घराण्याचं नाकच तसं. लहानपणी आई कुठल्या डब्यात खाऊ लपवते हे ताई दारातून सांगायची. मी दोन नंबर. म्हणजे ताई दारातून आणि मी खोलीतून.

मी यायला हवं हे कळतं. तुम्ही विचारत नाही, पण पत्राच्या शेवटी तुम्ही दोन बोटं जागा कोरी सोडता तीही मला कळते. गुडघा फार दुखतो. जिना उतरताना मी आडवी चालते, खेकड्यासारखी. जरा बरा झाला की बघू.

एक काम करा. ताईचे लोकरीचे कपडे, तो करडा स्वेटर, ती जांभळी शाल, मफलर, सगळं कपाटात नीट घडी घालून ठेवा. माझ्या शालीला यंदा कसर लागली, चाळणी झाली तिची. चार डांबरगोळ्या टाका आत. वास उडाला की नव्या टाका. विसरू नका, नाहीतर मी आले की भोकं मोजत बसेन.

आपला लोभ माझ्या गुडघ्यासारखा आखडू देऊ नये, ही विनंती.

आपली,
धाकटी


दि. २ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. मोज्याचं मला आजवर माहीत नव्हतं. तो रुमाल जरा जाड वाटला होता.

तू सांगितल्याप्रमाणे कपडे कपाटात ठेवले आणि गोळ्या टाकल्या. वास उडाला की नव्या टाकायच्या हे तू म्हणालीस, पण उडाला केव्हा हे मला कळणार कसं? म्हणून दर आठवड्याला एक नवा डबा टाकतो. कमी पडण्यापेक्षा जास्त बरं. माझा कोटही त्याच कपाटात टांगतो, त्यालाही संरक्षण.

काम ठीक चाललंय. आता मला वास ओळखायची युक्ती सापडली आहे. नाक नसलं तरी डोळे आहेत. मी स्वतःकडे लक्षच देत नाही, लोकांकडे देतो. गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याचं दुकान आहे. वास असला की तो मी पोचायच्या सुमारास शटर अर्धं खाली ओढतो आणि गळ्यातला टॉवेल नाकाला लावतो. पुढच्या वळणावर एक तपकिरी कुत्रा भिंतीला पाठ लावून झोपलेला असतो. वास असला की तो उठतो, माझ्याकडे एकदा पाहतो आणि पलीकडच्या फुटपाथवर जाऊन झोपतो. त्यानंतर गाण्याच्या क्लासची खिडकी. वास असला की सा-रे-ग-म मधल्या मध्ये तुटतं आणि खिडकी आपटते. तिन्ही गोष्टी जुळल्या की मी पिवळी लावतो.

सुरुवातीला हिरवीच असायची. आता आठवडाभर रोज पिवळी. परवा तर इस्त्रीवाल्यानं घाईघाईत शटर ओढताना स्वतःच्याच बाहीला इस्त्री लावली. मी त्याला म्हणालो की आज जरा जास्तच आहे, नाही का. त्यानं टॉवेलाआडून मान हलवली आणि म्हणाला की काका, तुम्ही स्वतःला जपा. भला माणूस आहे. तुझी ताई गेल्यापासून तो माझ्याशी फार मऊ बोलतो.

मॅडमही खूश आहेत. म्हणाल्या, बाकी दोघं अजून हिरव्यावर आहेत आणि तुम्हाला आधीच लागलं, म्हणजे नाक तिखट आहे. मी घरी येऊन तुझ्या ताईच्या फोटोला हे सांगितलं. ती असती तर जमिनीवर बसून हसली असती. मला एकट्यालाच हसू आलं. खूप दिवसांनी आलं, म्हणून मी ते अडवलं नाही.

जाईला सहा नवी पानं.

लोभ असू दे, आणि गुडघ्याला शेक दे.

तुझा,
भावोजी


दि. १० मार्च

ती. भावोजींच्या सेवेसी,
सा. न. वि. वि.

त्या कुत्र्याला माझा नमस्कार सांगा. खरं नाक तो आहे, पाटी त्याच्या गळ्यात अडकवा.

आमच्याकडे तुमच्या पत्रांची आता वाट पाहिली जाते. हे तर संध्याकाळी विचारतात की आज नाकाची काही खबर? मी सांगते की नाक बोलत नाही, नाक निरीक्षण करतं. परवा आमच्या स्वयंपाकघरात काहीतरी करपलं, तर उठून गॅस बंद करायचा सोडून हे माझ्या चेहऱ्याकडे पाहत बसले. म्हणाले, भावोजींची पद्धत आजमावून बघतोय. भांडं गेलं.

आता एक खरं सांगते, हसू नका. गुडघा निमित्त आहे. दुखतो, पण एवढा नाही. मला भीती वाटते ती तुमच्या दाराची. दार उघडलं की ताईचा वास येईल. तुम्हाला तो कधी कळला नाही, पण त्या घराला तिचा वास होता. मी पायरीवर चप्पल काढायची तेव्हाच तो यायचा आणि मग आतून तिचा आवाज. आता वास येईल आणि आवाज येणार नाही. मी काय करायचं ते मला कळत नाही, म्हणून मी गुडघ्याला पुढे करते. बिचारा काही बोलत नाही.

हे लिहिलं आणि हलकं वाटलं. आता पुन्हा हसते. पाटीची बातमी कळवा.

लोभ असतोच तुमचा, दाखवत नाही एवढंच. कधीतरी दाखवत जा.

आपली,
धाकटी


दि. ६ एप्रिल

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला. इकडे घोळ झालाय.

तंबू काढला. माती भाजून झाली, वरून माणूसभर उंचीचा नव्या मातीचा थर पडला, रस्ते आखले, बाकं आली. तीन बाजू साफ ठरल्या. पण पश्चिमेची भिंत साफ व्हायला तयार नाही. आता फक्त मीच नाही, बेकरीवाले आणि पीटीच्या बाईही आमच्या दारासमोर वास लागतो म्हणून पिवळी लावतात. पीटीच्या बाई परवा तिथून शिट्टी तोंडात धरून पळत गेल्या. गल्लीतले लोक म्हणतात की गॅसघराचा जुना वास परत आला.

मॅडम हातात धरायचं यंत्र घेऊन आल्या. भिंतीला लावलं तर गप्प. मी काय ते पाहायला जवळ गेलो आणि ते किंचाळायला लागलं. नॅप्थलीन म्हणून काहीतरी असतं, डांबरात सापडणारं, ते दाखवत होतं. मी दोन पावलं सरकलो, त्या माझ्या मागे सरकल्या, यंत्र पुन्हा किंचाळलं. मॅडम म्हणाल्या, काका, तुम्ही जिथं उभे राहता नेमकं तिथंच लागतंय, तुमचं नाक यंत्राच्याही पुढे आहे. मी जिथं उभा होतो तिथं त्यांनी काठी रोवली आणि दुसऱ्या दिवशी खड्डा खणला. माती स्वच्छ निघाली. पुन्हा मला उभं केलं, पुन्हा काठी, पुन्हा खड्डा, पुन्हा स्वच्छ. असे तीन झाले. मला फार अवघडल्यासारखं होतं. मी उभा तरी कुठे राहू?

काल तर भिंतीवर फेस मारायला माणूस आला. दाढीच्या साबणासारखा पांढरा फेस असतो, तो वास दाबून ठेवतो. माझी फेरी चालू होती आणि त्यानं नळी फिरवली. मी डोक्यापासून बुटापर्यंत पांढरा. गंमत म्हणजे त्यावर कुत्रा पलीकडे गेला नाही, शेपटी हलवत जवळ आला. इस्त्रीवाल्यानंही शटर वर केलं आणि म्हणाला की काका, आज बरं वाटतंय. मी घरी येऊन आरशात पाहिलं आणि हसत सुटलो. नंतर कोट पुसून कपाटात टांगला. आज पुन्हा सगळं पहिल्यासारखं.

एकच गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पश्चिमेची बाजू साफ ठरल्याशिवाय बाग उघडणार नाही आणि झाड लागणार नाही. जाईची मुळं कुंडीच्या भोकातून बाहेर आली आहेत. पानं पिवळी पडताहेत. बागेचा माळी पाहून गेला. म्हणाला, महिनाभरात जमिनीत गेली तर जगेल, नाहीतर विसरा. मोठ्या कुंडीत घालू म्हटलं तर म्हणाला की आता मुळं दोनदा हलवलेली ती सोसणार नाही. तिनं लावलेली ती एकच आहे.

तू वासाचं लिहिलंस त्यावर मी बरेच दिवस विचार केला. घराला तिचा वास होता हे मला ठाऊक नव्हतं. कुणी सांगितलंच नाही. आता आहे की गेला हेही मला कळायचा मार्ग नाही. खिडकी लावलेली आहे, दारही कमी उघडतो, कपाट घट्ट बंद ठेवतो. तुझं पत्र आल्यापासून तर फार जपतो. असेल तर तू येईपर्यंत राहावा.

ये आणि मला सांग. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलेलं नाही.

लोभ आहे. दाखवत जा म्हणालीस, म्हणून लिहिलं.

तुझा,
भावोजी


दि. ११ एप्रिल

ती. भावोजींस,
सा. न.

शनिवारी दुपारच्या गाडीनं येते. गुडघाही येतोय. न्यायला येऊ नका, कुंडीजवळ बसा.

लोभासह निघाले आहे.

धाकटी


दि. २२ एप्रिल

ती. भावोजींच्या सेवेसी,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. गाडीत समोरच्या बाईनं तीनदा विचारलं की मी एकटीच का हसते. मी म्हटलं, भावोजींकडे गेले होते. ती म्हणाली, नशीबवान आहात.

तुम्ही त्या दिवशी हातात पेला घेऊन खांबासारखे उभे होतात, म्हणून माझ्या बाजूनं काय झालं ते लिहिते. तुमच्याकडे राहायला हवं, पुढेमागे उदास वाटलं तर काढून वाचा.

मी गल्लीच्या तोंडाशी उतरले आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. मला वाटलं, आलं रडू, ताईच्या गल्लीत आले ना. पदर शोधते तर शेजारी इस्त्रीवाला, त्याच्याही डोळ्यांना धार. म्हटलं, हा का रडतोय? चार पावलं पुढे गेले तशी धार वाढली. दारापाशी पोचले, श्वास धरला, ताईचं नाव घेतलं, तुम्ही दार उघडलंत.

भावोजी! अहो, ते घर नव्हतं, डांबरगोळी होती. मीच तिच्या आत पाऊल टाकलं एवढंच. भीती वाटायलासुद्धा जागा उरली नव्हती. महिनोन् महिने मी ज्या दाराला घाबरून तिकडे घरी बसले, त्या दारात मला पहिल्यांदा काय झालं, तर शिंक आली. एक नाही, लागोपाठ. आणि तुम्ही अगदी गंभीरपणे विचारलंत की तिचा वास आहे का अजून.

मी खाली बसले ती हसायलाच बसले. मला बोलता येईना, मी नुसती कपाटाकडे बोट दाखवत होते. तुम्ही ते उघडलंत. त्या गोळ्या! फळीवरून खाली, खालून जमिनीवर, जमिनीवरून माझ्या चपलेत. कोटाच्या खिशात गोळ्या, मफलरच्या घडीत गोळ्या, वरच्या फळीवर रिकाम्या डब्यांची रांग. कसर सोडा, त्या कपाटाजवळ उंदीरही फिरकला नसता. आणि मग तुम्ही हळूच म्हणालात की म्हणजे यंत्र माझ्यावर किंचाळत होतं का. तुमचा तो चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. तीन खड्डे, भावोजी! गावानं तुमच्या कोटाचा उगम शोधत तीन खड्डे खणले!

मूळ गुन्हेगार मी आहे, हे कबूल. चार गोळ्या म्हणाले होते, पण म्हणाले मीच. आणि नंतर आठवलं की ताई डांबरगोळी घरात येऊच द्यायची नाही. म्हणायची, भिंतीपलीकडे आहे तेवढी पुरे. तुम्हाला माहीत नव्हतं, मला माहीत होतं आणि मी विसरले. घराण्याचं नाक शाबूत आहे, डोकं तपासायला हवं.

खिडकीची मजा तर आमच्या ह्यांना रोज सांगावी लागते. वास आत येऊ नये म्हणून ताईनं लावलेली खिडकी, आणि वास बाहेर जावा म्हणून आपण उघडतोय. इस्त्रीवाला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला, बेकरीवाले पाव कापायची सुरी घेऊन आले, पीटीच्या बाई खालून एक-दोन-तीन म्हणत होत्या. रंगाचा पापुद्रा सुटला, तावदान उघडलं आणि बाहेरचे सगळे एकदम मागे सरकले. इस्त्रीवाल्याला मी विचारलं की बाबा रे, तू इतके दिवस बोलला का नाहीस. तो म्हणाला, माणूस नुकताच एकटा पडलाय, त्याला कसं सांगायचं की तुमचा वास येतो? मी शटर ओढून घ्यायचो. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

आता जे तुम्ही अर्धंच पाहिलंत ते. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गोळ्या पोत्यात भरून टाकून यायला गेला होतात, तेव्हा मी ताईच्या शिलाई मशीनचा खण उघडला. त्यात कापड नव्हतं, म्हणून तुम्ही त्यात गोळी टाकली नव्हती. आत तेलाची कुपी, खडू, गुंडाळलेली टेप, सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं ते टोपण. आणि ताई होती. संपूर्ण होती, भावोजी. मी जमिनीवर बसून खणात तोंड घातलं. तुम्ही परत आलात आणि दारातच थांबलात. मग आत येऊन शेजारी बसलात आणि म्हणालात की सांग कसा आहे. मी सांगितलं, उन्हात वाळलेल्या अभ्र्यासारखा आणि त्यात मशीनच्या तेलाचा एक थेंब. तुम्ही म्हणालात की पुन्हा सांग. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा तुम्ही विचारलं नाहीत, पण मी सांगितलं.

खण मी घट्ट लावून आले आहे. उघडायचा असेल तेव्हा उघडा, संपेल म्हणून घाबरू नका. मी येऊन पुन्हा सांगत जाईन.

मॅडमना काय सांगितलंत ते सविस्तर लिहा. आणि जाईचं काय?

लोभ आता दारातूनच नाही, खोलीतूनही येतो. तसाच ठेवावा.

आपली,
धाकटी


दि. ९ मे

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

तू गेलीस त्याच आठवड्यात मी मॅडमना घरी बोलावलं. त्या यंत्र घेऊनच आल्या. कपाट रिकामं केलेलं होतं, धुतलेलं होतं, तरी दार उघडल्यावर यंत्र असं किंचाळलं की त्यांनी ते बंदच केलं. त्या स्टुलावर बसल्या. आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या, मग तीन खड्ड्यांची आठवण होऊन पुन्हा हसल्या. मी म्हणालो की अजून एक सांगायचं आहे, आणि नाकाचं सांगून टाकलं. त्यांनी विचारलं की मग बाटली कशी ओळखलीत. तेही सांगितलं. त्या बराच वेळ खिडकीच्या काचेत स्वतःच्या नाकपुड्या बघत होत्या.

मग म्हणाल्या की काका, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमची खुंटी काढावी लागेल. मी म्हणालो, काढा. बरोबरच आहे. मला वाटलं जाईही गेली. मी कुंडी उचलून त्यांच्याकडे द्यायला लागलो, म्हटलं माळ्याला द्या, कुठेही लावू दे. त्या म्हणाल्या, कुठेही का म्हणून? परीक्षा काकू पास झाल्या होत्या, तुम्ही नाही. जागा त्यांची आहे. तुम्ही फक्त कुंडी उचलून न्यायची.

त्यानंतर दोनच पाट्या लागत होत्या. काही दिवस पिवळ्या राहिल्या, कारण मी कोट बाहेर दोरीवर टाकला होता आणि तो वाऱ्यावर होता. मग एकदाच्या दोन्ही हिरव्या झाल्या, आणि राहिल्या. गल्लीतली मंडळी रोज सकाळी फाटकावर पाहायला जायची. बेकरीवाल्यांनी पहिल्या हिरव्या दिवशी सगळ्यांना पाव वाटले. इस्त्रीवाल्यानं माझा कोट तीनदा वाफेवर धरला आणि चौथ्यांदा हात जोडले.

काल बाग उघडली. कुत्रा सगळ्यांच्या आधी आत शिरला. मग पोरं, मग गाण्याचा क्लास रांगेनं. पीटीच्या बाईंनी शिट्टी वाजवून लोकांना गवतावरून उठवलं आणि मग स्वतःच गवतावर आडव्या झाल्या. जिथं मी वजनकाट्यावर बसायचो तिथं आता झोपाळा आहे. मी त्यावर बसलो. मॅडमनी मागून धक्का दिला तो जरा जोरात बसला. माझी टोपी पडली. मी ओरडलो, हे मला नंतर लोकांनी सांगितलं. या वयात इतकं हसणं बरं की वाईट ते माहीत नाही. तुझ्या ताईशिवाय हसायला लागलो याचं मला आधी वाईट वाटायचं. काल वाटलं नाही.

जाई लावली. पश्चिमेच्या भिंतीशी मधला खड्डा उघडाच होता, जिथं मी उभा राहिलो आणि यंत्र किंचाळलं तो. माळी म्हणाला की याहून चांगला खड्डा कोण खणणार, आणि माती तर तपासलेलीच आहे. माझा कोट अगदीच वाया गेला नाही म्हणायचा. कुंडी फोडावी लागली. मुळं गोल गोल गुंडाळलेली होती, ती मी बोटांनी मोकळी केली. पानं अजून पिवळीच आहेत. माळ्यानं मान हलवली नाही, म्हणजे आशा आहे.

कळी आली की कळवीन. वास कसा आहे ते तू येऊन सांग. मी भिंतीजवळ स्टूल टाकून ठेवतो, गुडघ्यासाठी.

लोभ मोजता येत नाही म्हणून बरं आहे, नाहीतर त्याचीही पाटी लावावी लागली असती.

तुझा,
भावोजी

ता. क. पत्र पाकिटात घालायचं राहिलं, म्हणून आणखी चार ओळी. आत्ता संध्याकाळ आहे. खिडकी उघडी आहे, समोर पोरांचा दंगा चालू आहे. खिडकीच्या फळीवर कुंडीखालची बशी तशीच होती, तिच्यात थोडं पाणी आणि माती. बशी धुतली, पुसली आणि बाकीच्या बश्यांत ठेवली.